चार आसनी गिर्यारोहण

प्रत्येक सुसंस्कृत समाजात माणसाची योग्यता मोजायचं एक ठरलेलं माप असतं. आमच्या जपानात ते तीन मीटर चाळीस सेंटिमीटर आहे. त्याहून लांब गाडीला सरकार नंबरची पांढरी पाटी देतं आणि त्यात मावणाऱ्या गाडीला पिवळी. मालकाची ऐपत लांबूनच कळते, कोणाचा वेळ जात नाही.

माझी गाडी तीन मीटर साडेएकोणचाळीस सेंटिमीटर आहे. (उरलेला अर्धा सेंटिमीटर मी स्वेच्छेने सोडला आहे.) पण ती साधीसुधी छोटी गाडी नव्हे, डोंगरी ढंगाची आहे. टपावर दांड्या आहेत, पोट जमिनीपासून अठरा सेंटिमीटर वर आहे आणि माहितीपत्रकात ती एका बर्फाळ शिखरापाशी उभी होती. मी नागानोत, नगरपालिकेच्या जमीन-नोंदणीत बसतो. तीन वर्षांत ही गाडी माझ्या पत्नीने, तोमिएने, १,१४० वेळा भाजीला नेली आणि मी दोनदा शिखराकडे. (दोन्ही वेळा रस्ता चुकून.)

पिवळ्या पाटीचा प्रश्न मी कायदेशीर मार्गाने सोडवला. एका मोठ्या क्रीडास्पर्धेनिमित्त सरकारने छोट्या गाड्यांनाही चालणाऱ्या शोभेच्या पांढऱ्या पाट्या काढल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या अकरा छोट्या गाड्यांच्या मालकांना एकाएकी खेळाची आवड उत्पन्न झाली. त्यांतल्या नऊ जणांना खेळ कोणता होता ते अजून माहीत नाही. मला विचारू नका.

अशात माझ्या मुलीने, नात्सुमेने, चौतिसाव्या वर्षी एकदाचा मुलगा पसंत केला. त्याचे आईवडील, उबुकाता दांपत्य, तोक्योहून आम्हाला पाहायला आले. दोन्ही घरांचं जेवण डोंगरावरच्या एका सोबा-शेवयांच्या खानावळीत ठरलं. मुलं आधीच बसने वर गेली होती. तिथून नात्सुमेचा फोन आला.

"बाबा, टॅक्सी करा. त्यांच्यासमोर मिरवायला जाऊ नका."

"अगं, आपली गाडी बनवलीय कशासाठी?"

"हे लग्न मोडलं ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

मी सर्वांना गाडीत बसवलं.

तिसऱ्या वळणावर आमचा वेग ताशी नऊ किलोमीटर झाला. इंजिन बोंबलत होतं आणि आत सगळे हवामानाविषयी बोलत होते. यजमानाची गाडी चढत नाही, असं आमच्याकडे पाहुणा म्हणत नाही. त्याला अचानक काहीतरी वेगळंच आवडू लागतं.

"वा! पानं काय लाल झालीत हो, हिरुकावासान," मागून उबुकातासान मला म्हणाले. "मी जरा चालू का? डॉक्टर रोज ओरडतच असतात." (वजा ६१ किलो.)

पाचव्या वळणावर उबुकाताबाईंना आठवलं की यांची टोपी आपल्याकडेच राहिली. (वजा ४९. गाडी बरी चढू लागली.)

सातव्या वळणावर तोमिए म्हणाली, "अहो, पाहुण्यांना असं सोडणं बरं दिसतं का? नाहीतर द्या इकडे, मी चालवते. रोजचा हात आहे माझा."

"चढ आहे. तिथे पुरुषच लागतो."

ती उतरली. दार जरा जोरात लागलं. (वजा ४६.)

यानंतर गाडीने माहितीपत्रकाला शोभेल अशी चढाई केली. खानावळीच्या दारात नात्सुमे उभी होती.

"बाबा, माणसं कुठायत?"

"येताहेत. निसर्ग बघताहेत."

ती पायरीवर बसली आणि तिने तोंड ओंजळीत घेतलं. मी फडकं काढून टपावरच्या दांड्या पुसू लागलो.

पाऊण तासाने तिघंही आली, घामाघूम आणि हसून बेजार झालेली. तोमिएने वाटेत सगळं सांगून टाकलं होतं, अगदी पाटीसकट.

"पोरी, अशी विहीण शोधून मिळायची नाही," उबुकाताबाई म्हणाल्या. "आता तारीख काढू या."

"आणि... बाबा?"

उबुकातासान कमरेत वाकले. "ते गाडी फार जपून चालवतात."

लग्न गाडीमुळे जमलं, असं मी कचेरीत सांगतो. फक्त वरच्या नोंदींत एक आकडा राहून गेला आहे. उतरलेल्या तिघांचं वजन एकशे छप्पन्न आणि चालकाचं एकट्याचं एकशे चार. तिसऱ्या वळणावर मी एकटा उतरून चाक तोमिएच्या हाती दिलं असतं, तर ती तिघं सुळकन वर गेली असती. हे त्या तिघांना ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. वाचकहो, तुमच्याही केव्हाच लक्षात आलं होतं आणि तुम्हीही गप्प बसलात. तुम्ही भले लोक आहात. तुमच्या घरचेही भलेच असणार. तेव्हा एकदा मान वळवून पाहा, तुमच्या मागच्या सीटवर अजून कोणी बसलेलं आहे का.