पाली ते रत्नागिरी, खिडकीशी बसून

पालीच्या तिठ्यावरून सकाळी सात चाळीसला सुटणारी रत्नागिरीची गाडी गेल्या पावसाळ्यापासून येत नव्हती. याबाबत दोनशे बारा तक्रारी झाल्या. प्रवासी समाधान कक्षाने त्यांचा सखोल अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की, प्रवाशांना वाट पाहून कंटाळा येतो. सबब, मोबाइलवर ‘सुखप्रवास’ हा खेळ सुरू करण्यात आला.

दमयंती गोताडची मुलगी राही रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती. पहिल्याच दिवशी मायलेकींनी तिठ्यावर उभ्या उभ्या खेळ उघडला. अक्षरे उमटली : ‘गाडी आली आहे. रिकामी आहे. खिडकीशी बसण्यासाठी एक दाबा.’ राहीने एक दाबला. खेळातल्या हातखंब्याला समुद्र गाडीत चढला आणि शहाण्यासारखा मागे जाऊन बसला. कंडक्टरने ‘पुढे सरका’ म्हटले नाही. ‘घरी सगळी बरी ना?’ असे विचारले. तिठ्यावर तीन माणसांनी डोळे पुसले.

महिन्याभरात तक्रारी बंद झाल्या. तक्रार नाही म्हणजे गरज नाही, म्हणून गाडी कायमची रद्द झाली.

कॉलेजने मात्र राहीची गैरहजेरी लावली. दमयंती कक्षात गेली. तिथे गुरुप्रसाद नावाचे अधिकारी होते.

“साहेब, पोरगी कॉलेजात पोचत नाय.”

त्यांनी संगणकात पाहिले. “पोचते की. काल तर वेळेआधी पोचली.”

“ती खेळात हो!”

“मग अडचण कॉलेजची आहे. त्यांना पत्र देतो.”

पत्र गेले. कॉलेजने खेळातली हजेरी मान्य केली, मग प्रात्यक्षिकेही खेळातच घेतली. राही ओटीवर बसून ‘सुई टोचण्यासाठी दोन दाबा’ करू लागली. तिला पैकीच्या पैकी गुण पडले.

एके दुपारी विळीवर सुरमई कापताना दमयंतीचे बोट खोल कापले. राही धावत आली आणि रक्ताकडे बघत नुसती उभी राहिली.

“आये, मला कायच येत नाय गो,” ती म्हणाली आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळेल त्या टेम्पोने कॉलेजात गेल्या. दाराला कुलूप होते. पहारेकरी म्हणाला, “आज सगळी हजर आहेत, म्हणून बंद आहे.”

बोटाला फडके गुंडाळून दमयंती पुन्हा कक्षात गेली.

“गाडी सोडतो,” गुरुप्रसाद म्हणाले. “या रस्त्याने जाणाऱ्या पंचवीस जणांच्या सह्या आणा. कोणीही चालेल.”

तिठ्यावर खेळत बसलेल्या केरूआजोबांनी सही मागितल्यावर मोबाइलवरून मान वर केली नाही. “गप ऱ्हा गो दमयंती. गाडी आली तर खेळ बंद करतील.” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींना हात करते. सह्यांचा कागद अजून कोरा आहे. गेल्या सुट्टीत कोकणात उतरताना पालीजवळ कागद हलवणारी एक बाई आपल्यालाही दिसली होती. आपण काच वर केलीत.