आत्या, डॉक्टरीणबाई आणि म्हातारी गोल्फ कार्ट

वायरिंगच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या घराण्यात कोणी नाही! हे अर्थात मीच म्हणतो. बाकी कोणी म्हणत नाही, पण त्यांना वायरिंगमधलं काय कळतं?

त्यामुळे सकाळी सकाळी आत्याचा फोन आला, "म्हातारी बंद पडलीय, येतोस का?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आत्या, चुटकीसरशी करतो!"

"मग दिवसभराच्या तयारीने ये," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हातारी म्हणजे आत्याची गोल्फ कार्ट. कुठल्याशा क्लबाने भंगारात काढलेली. आत्या राहते ज्येष्ठांच्या वसाहतीत, टेकडीच्या पार वरच्या टोकाला. फाटक खाली, बाजार खाली, आणि आत्याचे गुडघे ऑपरेशन झालेले. म्हणून तिने आणि मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी मिळून ही कार्ट घेतली. आत्याने जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, डॉक्टरीणबाईंनी जन्मभर लोकांच्या नाड्या पाहिल्या. दोघी कार्टमधून निघाल्या की वसाहतीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची!

पण त्या दिवशी मामला नाजूक होता. डॉक्टरीणबाई मुलाकडे राहायला निघाल्या होत्या, कायमच्या. दुपारी मुलगा फाटकाशी येणार होता. आणि हे ठरवताना आपल्याला विचारलं नाही, म्हणून आत्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"मग कार्ट कशाला हवी आजच?" मी विचारलं.

"तिला फाटकापर्यंत सोडायला."

"पण तुम्ही बोलत नाही ना?"

"बोलणार नाहीच. सोडणार आहे."

मी कार्टची सीट उचलली. खाली सहा बॅटऱ्या ओळीने बसलेल्या.

"आधी घड्याळ आणि अंगठी काढ," आत्या म्हणाली. "पाना आणि अंगठी एकदम टेकली तर बोटाचा दिवा होईल."

मी काढली. पेडल दाबलं. आतून नुसतं 'टक' झालं. गाडी ढिम्म!

"टक वाजतंय म्हणजे खटका चालू आहे," आत्या म्हणाली. "बिघाड पुढे आहे. कुठलं तरी टर्मिनल धरत नसेल."

"आत्या, मी बघतो ना!"

ती खाण्याचा सोडा शोधायला आत गेली आणि मी कामाला लागलो. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. मोटारीच्या वायरी मात्र लख्ख होत्या. म्हणून मी आधी मोटारीच्या वायरी काढल्या! लख्ख वस्तू हाताळायला बरी वाटते. पुसल्या, परत लावल्या. मग बॅटऱ्यांना मीटर लावला. एकीवर शून्य, दुसरीवर शून्य, सहाच्या सहा शून्य! (मीटरची कळ बंदवरच होती, हे मला संध्याकाळी कळलं.) मी घाबरून बॅटरीवाल्याला फोन लावला.

"अहो, म्हातारी गेली हो! काल रात्रीपर्यंत ठणठणीत होती. सकाळपासून हालचाल नाही. मीच तपासलं, काही शिल्लक नाही. आता उचलूनच न्यावी लागेल. चार माणसं तरी पाठवा!"

कुंपणापलीकडे निवृत्त पोस्टमास्तर झाडांना पाणी घालत होते. त्यांच्या हातातून पाइप गळून पडलेला मी पाहिला, पण मला वाटलं, पाणी घालून झालं असेल. आयुष्यभर लोकांच्या बातम्या पोचवलेला माणूस तो! चप्पल न घालता पळाला.

आत्या सोडा घेऊन आली आणि कार्टच्या मागे खाली स्टूल टाकून बसली. "बुरशीवर सोड्याचं पाणी टाक," असं ती सांगतेय, तोवर अंगणात माणसं यायला लागली. खाली मान घालून, गप्प, एकेक. सगळ्यांत पुढे डॉक्टरीणबाई! प्रवासाची साडी, एका पायात बूट, दुसऱ्या पायात सपात. माझा दंड धरून म्हणाल्या, "कुठे आहे ती?"

"ही काय," मी सीटखाली बोट दाखवलं. "पोट उघडून ठेवलंय."

तेवढ्यात कार्टच्या मागून पाना घेतलेला हात वर आला आणि त्यामागून आत्या.

"कोण गेलं?" आत्याने विचारलं.

मग डॉक्टरीणबाईंनी आत्याच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली, तिला मिठी मारली आणि पुन्हा एक चापट मारली.

"मूर्ख बाई! न बोलता मेली असतीस तर?"

"न सांगता निघाली होतीस ती तू!"

"सांगितलं असतं तर निघता आलं असतं का मला?"

आत्याने पदराने चष्मा पुसला आणि पाना पुढे केला. "रोगी समोर आहे. बघ काही जमतंय का."

आणि मग मी जे पाहिलं, ते काय सांगू! डॉक्टरीणबाईंनी बांगड्या उतरवल्या. आत्याला पेडल दाबायला लावलं. टक! टक! मग एकेका केबलच्या वेष्टनावर उलटा हात ठेवत गेल्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"हिला नाही. हिलाही नाही. हां! ही बघ, ही चांगलीच तापलीय."

"बरोबर!" आत्या ओरडली. "जिथे धरत नाही तिथेच अडतं, आणि जिथे अडतं तिथे तापतं! काढ रे ते!"

मी टर्मिनल काढलं. वरून साधं दिसत होतं, आतून कुजलेलं! सोड्याने धुतलं, पॉलिशपेपरने घासलं, आवळलं. आत्या बसली, लिव्हर पुढे टाकला, पेडल दाबलं. आणि म्हातारी उसळली!

मागे.

पोस्टमास्तर बाजूला झाले म्हणून वाचले, कुंड्या नाही वाचल्या. आत्याने ब्रेक मारला आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराकडे बघत असेल, तसं.

"मोटारीच्या वायरी काढल्या होत्यास?"

"पुसल्या... जरा..."

"उलट्या लावल्यास."

मी पाना उचलला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. मुलगा फाटकाशी उभा होता.

"हात लावू नकोस!" आत्या म्हणाली. "पुढे टाकलं की मागे जाते ना? मग मागे टाकलं की पुढे जाईल. बस गं."

तिने लिव्हर मागे टाकला आणि कार्ट ऐटीत पुढे निघाली! फक्त मागे जातानाचा भोंगा सुरू झाला. पीं! पीं! पीं! थांबायचं नावच नाही. शिवाय रिव्हर्समध्ये ही गाडी मुद्दामच हळू चालते. त्यामुळे त्या दोघी पुढे, मागे डॉक्टरीणबाईंच्या दारातून चढवलेल्या बॅगा, बॅगांमागे मी, आणि माझ्यामागे भलत्याच कामासाठी जमलेली अख्खी वसाहत! दोन्हीकडच्या खिडक्या उघडत होत्या. आत्या मात्र ताठ मानेने चालवत होती, जणू भोंगा खास मागवलाय.

एरवी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उतार संपतो. त्या दिवशी संपता संपेना. एवढ्या दिवसांचं अडलेलं सगळं बोलणं त्या दोघींनी भोंग्याच्या वरताण आवाजात करून घेतलं. दर महिन्याला कोण कोणाकडे येणार, यावर भांडणसुद्धा झालं!

फाटकाशी मुलाने बॅगा उतरवल्या. "कार्ट कोणी दुरुस्त केली?" त्याने विचारलं.

"आम्ही तिघांनी," आत्या म्हणाली.

तिघांनी! मला भरून आलं हो. दोघी समोरासमोर उभ्या, हात हातात, डोळे कोरडे, आणि इकडे माझ्याच डोळ्यांना धार लागायची वेळ आली. मी हात वर नेला.

"डोळ्यांना हात लावू नकोस!" भौतिकशास्त्र आणि वैद्यकशास्त्र एका सुरात किंचाळलं. "ॲसिड आहे हाताला!"

दोघींनी माझी मानगूट धरून मला फाटकाजवळच्या नळाखाली वाकवलं. आत्याने नळ सोडला, डॉक्टरीणबाईंनी माझे हात कोपरापर्यंत खसाखसा धुतले. मग "हात अजून पाण्याखाली धर" म्हणून दोघी गेल्या त्या गेल्याच.

तो निरोप फार हृद्य झाला म्हणतात. अख्खी वसाहत रडली. मी वाकलेलोच होतो.