हरकत असल्यास कळवावे

ड्रोन उडवण्याआधी आजूबाजूच्या घरांना लेखी नोटीस देणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो भूगावात माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. मुलाणी काका. मूळचे पौडचे, सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. जमीन मोजण्याआधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते. नोकरी सुटली, ही सवय सुटली नाही. 'उद्या रविवारी सकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत आपल्या हद्दीलगत ड्रोन उडविण्याचे योजिले आहे, तरी हरकत असल्यास समक्ष कळवावे.' खाली तारीख आणि सही.

काकू जाऊन चार वर्षं झाली, मुलगा परदेशात. ड्रोन त्यानेच पाठवलेला. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला उडवणाऱ्याचा परवाना लागत नाही, म्हणून काका तो दर शनिवारी वाण्याच्या काट्यावर ठेवून बघत. एकदा सुट्टीत आलेल्या नातवाने त्यावर वाघाचं चित्र चिकटवलं, तर काट्यावर वजन काठावर आलं म्हणून काकांनी अर्धा वाघ सोलून काढला. उरलेला मागचा अर्धा अजून उडतो.

'हरकत?' हा त्यांचा लाडका शब्द. लिफ्टमधला पंखा लावायचा तरी "हरकत?" माझ्याकडे चहा पिताना दुसरं बिस्किट उचलायचं तरी "हरकत?" मी लातूरचा, हिंजवडीत नोकरीला. आमच्याकडे माणूस बिस्किट उचलतो आणि खातो. मला या सगळ्याचं हसू यायचं आणि ते मी फारसं लपवत नसे.

त्यांचं बघून मीही ड्रोन घेतला. त्यांनी मला शागीर्द करून घेतलं आणि पहिला धडा दिला, "आधी चतुःसीमा बघा." सरकारी नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत मुभा, बाकी रंगांत परवानगीशिवाय नाव काढायचं नाही. काका रोज सकाळी वर्तमानपत्राआधी तो नकाशा उघडत. सोसायटीच्या गच्चीवरून उडवू म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू शेजाऱ्याचा बांध कोरायला निघालो होतो.

म्हणून आम्ही कासार आंबोलीच्या पुढच्या एका माळावर जात असू. मालकाची परवानगी होती आणि नकाशा हिरवा होता. मला वाटलं, झालं. काका म्हणाले, "नकाशा सरकारचा. माणसं राहतात त्यांचं काय?" मग शनिवारची फेरी. पूर्वेला कुत्रा असलेला बंगला, दक्षिणेला कोंबड्यांची शेड, उत्तरेला ओढा. ओढ्याला नोटीस दिली नाही हे मी नशीब समजलो. पश्चिमेला सोनाबाईंचं घर. त्यांची हरकत काकांच्या वहीत लिहिलेली होती : मागच्या न्हाणीला छप्पर नाही, सून सकाळी आंघोळ करते, सबब आठच्या आत या बाजूस येऊ नये. काका माळावर पश्चिमेला चुन्याची फक्की मारून ठेवत आणि आठ वाजेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभे राहत.

एका रविवारी काका पुतणीच्या लग्नाला पौडला गेले. मी एकटाच माळावर गेलो. नोटीस नाही, फेरी नाही. पावणेआठ वाजले होते आणि पश्चिमेच्या डोंगरावर धुकं असं काही उतरलं होतं की मला राहवलं नाही. पाच मिनिटांनी काय होतंय, असं म्हणत मी फक्कीपलीकडे ड्रोन नेला. धुक्याचं चित्रण करून परत वळवताना तो खाली आला आणि मोबाइलच्या पडद्यावर एक बाई दिसली. परकर दोन्ही हातांनी छातीशी धरून ती वर बघत होती. तिची किंकाळी मला माळावर ऐकू आली. मी ड्रोन उतरवला, चित्रण पुसलं आणि मोटारसायकलला किक मारून पळालो. हो, पळालोच. दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी सोनाबाई आणि त्यांचा मुलगा आमच्या फाटकावर आले. काका नुकतेच पौडहून आले होते, अंगात लग्नातलाच सदरा होता. मुलगा तावातावाने बोलत होता आणि सोनाबाई काकांच्या त्या सदऱ्याकडे बघत होत्या. काकांनी ऐकून घेतलं. मग जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"माझाच होता," ते हात जोडून म्हणाले. "चूक झाली."

"पुन्यांदा आमच्या दारात पाय ठिऊ नका," मुलगा म्हणाला.

मी जिन्यातून हललो नाही. एक पायरी उतरायची होती आणि एक वाक्य बोलायचं होतं. माझ्याकडून दोन्ही झालं नाही.

त्यानंतर काकांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शनिवारी ते गॅलरीत बसून राहायला लागले. वाण्याच्या काट्याकडेही गेले नाहीत. असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी मला धीर झाला आणि मी सोनाबाईंच्या घरी गेलो.

न्हाणीवर आता निळी ताडपत्री बांधलेली होती. मुलगा कामावर गेला होता. मी ओसरीवर उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आत सून होती. तिची माफी मी बंद दाराकडे बघूनच मागितली.

"मला ठावं हाय," सोनाबाई म्हणाल्या. "माजा भाऊ त्या लग्नात वाढाया व्हता. मुलाणीसायब सकाळधरनं तितंच व्हते."

मग मुलाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं की, दुसऱ्याच दिशी. आता त्यो बी वरमलाय. पर सायबच येत न्हाईत. आमची वाटणी त्येंनीच मोजली. दिरानं लई दाबलं, पर त्येंनी बोटभर हद्द हलवली न्हाई. त्यो माणूस तुमच्यापायी खोटं बोलला. त्येचीच त्येंला लाज वाटत आसंल. या म्हनावं त्येंला."

परत आल्यावर मी काकांसमोर उभा राहिलो आणि मी तिथे जाऊन काय सांगितलं ते सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलल्या?"

"या म्हणाल्या."

काका आत गेले आणि इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. बुटाची नाडी त्यांना लवकर बांधता येईना. वाकलेलेच असताना म्हणाले, "नोकरीत मी ज्या दारात गेलो, तिथं माझ्यामागे भावाभावांत भिंत उभी राहिली. मी दिसलो की माणसं आत जायची. आता म्हातारपणी कुठे लोक दार उघडायला लागले होते, बसा म्हणत होते."

मी म्हटलं, गाडीवर सोडतो. ते नको म्हणाले, एसटी मिळेल. लिफ्टचीही वाट न बघता ते जिना उतरून गेले. मी गॅलरीतून बघत होतो. फाटकाबाहेर पडल्यावर म्हातारा चक्क भराभर चालायला लागला, आणि इतके दिवस मी यांना घरात कोंडून ठेवलं होतं, हे तेव्हा मला कळलं.