तीन चौकटींचे अप्पा

सकाळी आमच्या छापखान्याच्या दारात शिवलिंगअप्पा आले, की ते बातमी विचारत नसत. चित्रकाराची तब्येत विचारत.

"पेपरवाले, आज त्याला ताप हाय का?"

"कुणाला, अप्पा?"

"चित्रवाल्याला. कुत्र्याच्या शेपटीची रेघ बघा. थरथरायलीय."

लातूरच्या एका छोट्या दैनिकात मी पानं लावायचो. चौथ्या पानाच्या तळाशी तीन चौकटींची चित्रपट्टी असे. एक टकलू गृहस्थ, त्याचा कुत्रा आणि रोजची एक फजिती. तिचे छपाईचे ब्लॉक एसटीच्या पार्सलनं बाहेरगावाहून येत. चित्रकार कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. अप्पांचं गोलाईच्या बाजारात भुसार दुकान होतं, पण गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पट्टी आधी. ज्वारी पारखावी तशी ते ती पारखत. पान उजेडाकडे धरायचं, एक डोळा मिटायचा, जिभेनं टक् करायचं.

मतं कडक. पात्रं फार बोलायला लागली की अप्पा नाराज. "रेघ दमली की माणसं बोलाया लागतात," म्हणायचे. कोऱ्या जागेवर मात्र भारी जीव. "हितं काहीच काढलं न्हाई बघा. ह्याला हिंमत लागते. तुमचे संपादक असते तर बियाण्याची जाहिरात घुसवली असती."

ते दुष्काळाचं साल होतं. एकदा छापताना शाईचा ठिपका उडाला आणि नेमका टकलूच्या डोक्यावर बसला. त्या दिवशी अप्पा नेहमीपेक्षा लवकर हजर.

"माशी बसवली हो त्यानं. पाणी न्हाई, गावभर माशाच माशा. लांब बसून त्याला कसं कळलं? लई मोठा कलावंत हाय."

दिवसभर त्यांनी गिऱ्हाइकांना ती माशी दाखवली. मी गप्प. गप्प बसणं मला फार सहज जमतं. आज पहिल्यांदाच सांगतो, ती माशी आमच्या मशीनची होती. दुसऱ्या दिवशी ती दिसेना, तेव्हा अप्पा म्हणाले, "उडाली," आणि त्याचंही कौतुक करून गेले.

बघून झालं की पानाची घडी खिशात. "घरी ह्याच्याबिगर संध्याकाळ व्हत न्हाई." मला वाटायचं, नातवंडं असतील.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवे शिक्के, आणि टँकरच्या, शेतांच्या बांधबंदिस्तीच्या निविदांचा ढीग. संपादक म्हणाले, "जागा पाहिजे. ते कुत्रं काढा."

मी काढलं. वाद घालता आला असता, नाही घातला.

अप्पा आले. पान उजेडाकडे धरलं, बराच वेळ.

"कधीपर्यंत?"

"निविदा संपेपर्यंत."

"म्हंजे पाऊस पडेपर्यंत," असं म्हणून त्यांनी ते निविदांचंच पान घडी करून खिशात घातलं. त्यानंतर ते आले नाहीत.

आठवडाभर मला ते खात राहिलं. शेवटी जुन्या पट्ट्यांची कात्रणं गोळा केली आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. नातवंडं नव्हतीच. अप्पा आणि काकू, दोघंच. काकूंना लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. अप्पांनी कात्रणं चाळली आणि परत दिली.

"समद्या बघून झाल्यात तिच्या. ती एक बी इसरत न्हाई. बसा, आजची चालू हाय."

चटईवर निविदांचं पान पसरलेलं होतं. कडेच्या कोऱ्या जागेत अप्पांनी पेन्सिलीनं तीन चौकटी आखल्या होत्या. पहिलीत टकलू, वांग्यासारखा. दुसरीत कुत्रा, त्याची शेपूट कोणती आणि पाय कोणता ते कळेना. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिसरी चौकट अप्पांनी तळहातानं झाकली होती. पुढं काय होणार ते काकूंनी हातवाऱ्यांनी सांगायचं, हा त्यांचा रोजचा खेळ.

काकूंनी दोन बोटं चटईवर चालवली, गाल फुगवले, मग बोटं आडवी पाडली.

अप्पांनी कपाळावर हात मारल्यासारखं केलं आणि मान डोलावली. म्हणजे, बरोबर ओळखलंस.

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. तळहात जरासा सरकला तेव्हा मला दिसलं, चौकट कोरी होती.

काकू माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. अप्पांनी घाईनं पेन्सिल उचलली आणि टकलूला पाडायला बसले.