वॉर्म-अपची खोली आणि खालचा दांडा

"उद्या फक्त यायचं, बसायचं आणि बघायचं," स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बर्फावरच्या स्केटिंग रिंकच्या मॅनेजरांनी बायकोला फोनवर सांगितलं. "बाकी काही उरलेलंच नाही."

ज्या माणसाच्या तोंडून असं वाक्य बाहेर पडतं, त्याचं सगळंच उरलेलं असतं, हा अनुभव बायकोला लग्नापासूनचा होता. पण ती दुसऱ्या गावाहून बोलत होती, आणि फोनवर नवऱ्याकडे रोखून बघता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमची खुर्ची तेवढी धरून ठेवा. दरवाजातून डोकावून जायचं नाही. बसून बघायचं."

या खुर्चीमागे बराच इतिहास होता. मॅनेजरांची मुलगी फिगर स्केटिंग करायची. चालायला शिकली ती जमिनीवर, पण पडायला शिकली ती याच रिंकच्या बर्फावर, बापाचं बोट धरून. पुढे इथल्या कोचनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की आपल्याकडचं शिकवून संपलं, आता हिला मोठ्या कोचकडे न्या. मोठे कोच मावशीच्या गावी. मग आई आणि मुलगी मावशीकडे राहायला गेल्या, आणि मॅनेजर बर्फापाशी राहिले. बर्फ टाकून कुठे जाता येत नाही. चार दिवस दुर्लक्ष केलं की त्याचं तळं होतं.

तेव्हापासून मॅनेजरांनी मुलीला स्केटिंग करताना पाहिलं ते मावशीने पाठवलेल्या व्हिडिओंत. मावशीच्या मनात माया भरपूर, हाताला मात्र स्थैर्य नव्हतं. अर्धा वेळ पडद्यावर मावशीचा अंगठा असायचा, उरलेला वेळ पुढच्या रांगेतल्या कुणा गृहस्थांचं टक्कल. मुलीची एक उडी होती. ती पाहून लोक श्वास धरतात म्हणे. व्हिडिओत मुलगी वेग घ्यायची, हात जवळ घ्यायची, आणि त्या क्षणी मावशीला स्वतःलाच इतका आनंद व्हायचा की फोन वर जायचा. मग छप्पर. मग टाळ्या. त्या परगावच्या रिंकचं छप्पर मॅनेजरांना आता पत्र्यान् पत्र्यासकट पाठ होतं.

आणि या वर्षी स्पर्धा त्यांच्याच रिंकवर आली होती. ती उडी ज्या कोपऱ्यात पडणार, त्याच्या बरोबर समोर पहिल्या रांगेत त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर 'राखीव' अशी पाटी ठेवली आणि पाटीवर विश्वास नसल्यामुळे वर स्वतःचा रुमालही बांधला.

खुर्चीइतकाच त्यांचा जीव वॉर्म-अपच्या खोलीत होता. थंड अंगाने बर्फावर उतरणं म्हणजे हाड मोडायला आमंत्रण. म्हणून आपली पाळी यायच्या आधी मुलं साध्या बुटांत धावतात, दोरीवरच्या उड्या मारतात, बर्फावर करायच्या त्याच उड्या जमिनीवर करून बघतात. आजवर हे सगळं कँटीन आणि स्वच्छतागृहाच्या मधल्या पॅसेजमध्ये चालायचं. तिथे कुणी गिरकी घेतली की समोरून चहाचा ट्रे यायचाच. लहानपणी त्यांच्याच मुलीने असा एक ट्रे एका पंचांच्या कोटावर रिकामा केला होता. त्या दिवशी तिला सर्वांत कमी गुण मिळाले. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही, असं पंच कोट पुसत म्हणाले होते.

तर या वेळी मॅनेजरांनी वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली मोकळी केली. लाकडी जमीन घासूनपुसून काढली. भिंतभर आरसा, बसायला बाकं, जॅकेटांना खुंट्या, आणि बुटांची पाती खराब होऊ नयेत म्हणून जिन्यावर रबराची मॅट. मोकळा झालेला पॅसेज त्यांनी उदार मनाने बक्षीस समारंभाला देऊन टाकला. तिथे आता टेबल, करंडक, फुलं आणि विजेत्यांचा चौथरा असा सगळा संसार मांडला गेला.

ही खोली बरोबर मशीनच्या खोलीवर येते, हे मॅनेजरांना माहीत होतं. त्यात काही विशेष आहे, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सकाळी छोटी मुलं नाचून गेली. वजनच नव्हतं त्यांना, वर काय उड्या मारल्या असतील तेवढ्या. मग मोठ्या मुलींचा गट वरच्या खोलीत गेला. इकडे पहिली स्पर्धक बर्फावर अर्ध्या गिरकीत असताना रिंकभर अंधार झाला.

रिंकचे मोठे दिवे बटण दाबल्यावर लागणारे नसतात. एकदा गेले की आधी ते थंड होणार, मग लालसर, मग जांभळट, आणि मग दुपारच्या झोपेतून उठवलेल्या सासऱ्यांसारखे सावकाश जगाकडे बघणार. मॅनेजर धावत मशीनच्या खोलीत गेले. मेन स्विचचा दांडा खाली पडला होता. त्यांनी तो वर केला, परत आले आणि मुख्य पंचबाईंना म्हणाले, "व्होल्टेज." ज्याला कारण माहीत नसतं, त्याला व्होल्टेज माहीत असतं.

दिवे जागे होईपर्यंत मुलींची अंगं थंड पडली. कोच म्हणाले, चला वर, परत उड्या मारा. सगळ्या एकदम वर गेल्या. दिवे पांढरे झाले, स्पर्धकाने बर्फावर पाय ठेवला, आणि पुन्हा अंधार. पुन्हा अंगं थंड. पुन्हा सगळ्या वर.

तिसऱ्या खेपेला मॅनेजर मशीनच्या खोलीतच दबा धरून बसले. वर धप्प झालं. छतातून थोडा चुना त्यांच्या डोक्यावर पडला आणि दांड्याने किंचित मान हलवली. पुन्हा धप्प. पुन्हा मान. तिसऱ्या धप्पाला दांड्याने मान टाकली. आतली स्प्रिंग कधीची म्हातारी झाली होती. तिच्या डोक्यावर आजवर कुणी नाचलं नव्हतं, म्हणून ते कळलं नव्हतं.

त्यांनी इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

"स्प्रिंग बदलायला लागेल. उद्या येतो."

"अहो, स्पर्धा आज आहे."

"मग धरून ठेवा."

"कुठपर्यंत?"

"मी येईपर्यंत."

मॅनेजर पंचबाईंकडे गेले. "मुलींना वर जरा उड्या मारू नका म्हणून सांगता येईल का?"

"आणि थंड अंगाने उतरवू? कुणाचा पाय मोडला तर तुम्ही येणार का दवाखान्यात सोबतीला?"

"मग पॅसेजमध्ये..."

"पॅसेजमध्ये करंडक आहेत. तुम्हीच दिलात पॅसेज." मग आवाज मऊ करून बाई म्हणाल्या, "खोली मात्र सुंदर केलीत हं. पोरी खाली यायला मागत नाहीत."

एरवी या कौतुकावर मॅनेजर आठवडाभर जगले असते.

शेवटी वॉचमनला दांड्यापाशी उभं केलं. माणूस कर्तव्यदक्ष, पण आयुष्यभर दारात उभं राहिल्यामुळे कुणीही दिसलं की हात कपाळाकडे जायचा. कँटीनवाला चहा घेऊन डोकावला. वॉचमनने सलाम ठोकला. अंधार. मग मॅनेजरांनी स्वतःच दांडा धरला आणि एकामागून एक मुलींची स्पर्धा पार पडू लागली. भिंतीपलीकडे टाळ्या वाजत होत्या, छताकडून चुना पडत होता.

फोन वाजला. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून बायको बोलत होती.

"अहो, बस झालं तुमचं मशीन. पुढची पाळी तिची आहे. काठाला उभी आहे आणि बर्फाकडे बघायचं सोडून खुर्चीकडे बघतेय."

मॅनेजरांनी दांडा पुन्हा वॉचमनच्या हाती दिला. लेकीला सासरी धाडताना देखील बाप इतक्या सूचना देत नसेल. "सलाम नाही. कोणीही येऊ दे."

"आणि साहेब, तुम्ही आलात तर?"

"मी आलो तरी नाही."

ते धावत आले, रुमाल सोडला आणि खुर्चीत बसले. "आलात एकदाचे," बायको म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावरचा चुना झटकला. बर्फाच्या काठावरून मुलीने त्यांना पाहिलं. हनुवटी जराशी वर केली. लहानपणी सायकलवरून हात सोडायच्या आधी अशीच करायची. किती उंच झाली होती. मावशीच्या व्हिडिओत उंची कळत नाही.

ती बर्फाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रिंक शांत झालं. आणि त्या शांततेत वरून आवाज आला, धप्प. पुढच्या गटातल्या मुली अंग गरम करत होत्या.

मॅनेजरांनी वर दिव्यांकडे बघितलं. मग त्यांना आठवलं की वॉचमनला आज सकाळपासून सर्दी आहे.

उडीच्या मध्यावर अंधार झाला तर? हवेत असलेल्या माणसाला खाली बर्फ कुठे आहे हे दिसावं लागतं.

"आलोच," ते उठत म्हणाले.

"अहो, आता कुठे..." बायको म्हणाली. मग तिनेही वर दिव्यांकडे बघितलं. "जा. आणि नीट धरा."

ते पोचले तेव्हा वॉचमन शिंकेच्या तयारीत डोळे मिटून उभा होता. मॅनेजरांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि वॉचमनला बाहेर जाऊन शिंकायला सांगितलं.

भिंतीतून संगीताचा नुसता ठोका येत होता, सूर पलीकडेच राहत होता. वरून लाकडी धप्प, धप्प. त्या दोन्हींच्या मधून पात्यांचा आवाज, बर्फावर कुणी लांब रेघ ओढावी तसा. मग रेघ थांबली. त्यांनी आपोआप मान वर केली. वर छप्पर होतं. एवढं करून पुन्हा छप्परच.

मग एक 'खट्', आणि त्याच्या मागे लांब, मऊ 'स्सस'. घरी पलंगावरून उडी मारायची तेव्हाही असंच व्हायचं. आधी पाऊल, मग फरशीवर टाच घासत जायची. मग टाळ्या. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

स्पर्धा संपली. पॅसेजमध्ये बक्षीस समारंभ सुरू झाला, त्यालाही दिवे हवेतच, म्हणून मॅनेजर दांड्याला चिकटून होते. दारात मुलगी येऊन उभी राहिली. साधे बूट, जॅकेट, खांद्यावर बॅग.

"तू बसला होतास ना, बाबा?"

"बसलो होतो."

"आणि मग नव्हतास."

"मग इथे होतो."

तिने दांडा बघितला, त्यांचे हात बघितले, छताकडे बघितलं. मग बॅगेतून एक जुनी बुटाची लेस काढली, दांड्याला गुंडाळली आणि वरच्या खिळ्याला आवळून बांधली. "सोड आता."

मॅनेजरांनी सोडलं. दांडा जागचा हलला नाही. सकाळपासून या दांड्यावर मॅनेजर, वॉचमन, पंचबाई आणि फोनवरून इलेक्ट्रिशियन इतक्या लोकांनी डोकं चालवलं होतं. बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"ही लेस... लहानपणी मधोमध तुटली होती तेव्हा मी गाठ मारलेली, तीच ना?"

"हं. बुटाला नाही घालत. असते आपली बॅगेत."

"चौथी आले," ती म्हणाली. "पहिल्या तिघी उद्या लोकांसाठी आपलं स्केटिंग परत करून दाखवणार आहेत. आम्हाला आत्ता निघायचंय. आई बॅगा भरतेय."

"हो, बस चुकायला नको."

दोघंही हलले नाहीत. मॅनेजर आपली आखडलेली बोटं एकेक करून सरळ करत होते.

"तुझी खोली मस्त झालीय," ती म्हणाली. "चल."

वरची खोली आता रिकामी होती. कुणाचा तरी मोजा बाकावर राहिला होता. तिने जॅकेट खुंटीला अडकवलं. "जमिनीवर बर्फासारखी होत नाही. पण उडी तीच आहे."

मॅनेजर दाराशी उभे राहिले, हात मागे बांधून, पापणीसुद्धा न हलवता. ती भिंतीपर्यंत मागे गेली, वळण घेत धावत आली, गुडघा वाकवला, हात जवळ घेतले, आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले.

अंधार झाला.

अंधारात धप्प, आणि मागोमाग टाच घासल्याचा लांब आवाज. खाली पॅसेजमध्ये चौथऱ्यावर फोटोसाठी उभ्या केलेल्या विजेत्यांचा गलका उठला.

"दिसलं का, बाबा?"

"दिसलं."

"खोटं. मागे कुठला पाय होता?"

"डावा."

"बरोबर," ती अंधारातून म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावरून वॉचमनचा आवाज आला. "साहेब, दांडा पडला. ताईंनी बांधलेलं जसंच्या तसं आहे. मधली जुनी गाठ तेवढी सुटली."