चुनीनानाचा हत्ती

साल दोन हजार तेवीस. माझं वय अठ्ठ्याहत्तर. आईच्या हिशोबानं अठ्ठ्याहत्तर. शाळेच्या हिशोबानं विचाराल तर सांगता येणार नाही, कारण शाळेनं माझा हिशोब ठेवावा इतके दिवस मी तिथे टिकलोच नाही. दुसरीत मास्तरनं कान पिळला, मी मास्तरचा हात चावला, शिक्षण संपलं. तरी धुळ्याच्या भर बाजारात दोरखंडाचं दुकान मी जन्मभर चालवलं आणि कोणापुढे मान खाली घातली नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे ज्याची गोष्ट सांगणार आहे तो माझ्यापेक्षा हट्टी होता आणि हे कबूल करायला मला जड जातं.

त्याचं नाव चुनीलाल. सगळे नाना म्हणायचे. माझ्या दुकानाला लागून त्याचं भांड्यांचं दुकान. नाना कोणाला रामराम करायचा नाही. समोर कोणीही येवो, गिऱ्हाईक, पोस्टमन, नगरसेवक, त्याचा पहिला प्रश्न एकच: "हत्ती दखा का?" म्हणजे हत्ती पाहिला का.

हत्ती न पाहणं शक्यच नव्हतं. नानाच्या दारावर भिंतीतून बाहेर काढलेल्या दोन लोखंडी दांड्यांवर एक पत्र्याचा हत्ती उभा होता. म्हशीच्या पारडाएवढा. पाठीवर लाल झूल, एक सुळा गळालेला, डोळे असे की पाहणाऱ्याला वाटावं आपण याचे पैसे देणं लागतो. दर दिवाळीला नाना स्वतः शिडीवर चढून त्याला रंग द्यायचा. जावई पहिल्यांदा सुरतेहून आला, तेव्हा नानानं त्याला आत घेण्याआधी रस्त्यावर उभा करून विचारलं, "हत्ती दखा का?" जावई बिचारा म्हणाला, "दखा." मग त्याला पाणी मिळालं. फोन उचलला तरी तेच. एकदा बँकेतून कोणी पोरगी कर्ज पाहिजे का विचारत होती, नाना तिला विचारत होता, हत्ती दखा का. शेवटी तिनंच फोन ठेवला. बँकेला फोन ठेवायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या गल्लीला नाव नाही, नुसता नंबर आहे. पण खेड्यापाड्यातली माणसं नंबर कशाला लक्षात ठेवतील? ती म्हणायची, हत्तीखाले भेटू. साक्रीची, पिंपळनेरची माणसं एसटीतून उतरली की सरळ हत्तीखाली. बायका गाठोडी तिथे ठेवायच्या, पोरं तिथे बसवायच्या, हरवलेलं पोर कोणीही आणून हत्तीखाली उभं करायचं. नाना गादीवरून ओरडायचा, "मी काय आठे धरमशाळा उघाडी शे?", म्हणजे इथे काय धर्मशाळा उघडलीय का, आणि ओरडता ओरडता पाण्याचा तांब्या पुढे करायचा. हरवलेल्या पोराच्या बाबतीत मात्र ओरडायचा नाही. गादी सोडून खाली यायचा आणि त्याची आई सापडेपर्यंत त्याच्या शेजारी उभा राहायचा. गिऱ्हाईक निघून गेलं तरी चालेल.

आता माझं आणि हत्तीचं भांडण सांगतो. त्याची सोंड माझ्या बाजूला होती. पाऊस पडला की पाठीवरचं सगळं पाणी सोंडेतून माझ्या पायरीवर. माझी नवार, खाटेला विणायची पट्टी, भिजायची. मी म्हणालो, "नाना, सोंड फिरव." नाना म्हणाला, "हत्ती एक बोट हालाव नही." मग त्यानं सोंडेला बादली बांधली. बादली भरली आणि माझ्या एका गिऱ्हाइकाच्या फेट्यावर रिकामी झाली. त्या दिवशी मी पालिकेत तक्रार केली, आणि पुढे दर पावसाळ्यात करत राहिलो. ते चूक होतं असं मी आजही मानत नाही. नवार माझी होती.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. दर बाजारच्या दिवशी, दुपार उतरली की नाना आतल्या नळावर हातपाय धुवायचा, धुतलेली पांढरी टोपी घालायचा आणि हत्तीखाली येऊन उभा राहायचा. दिवेलागणीपर्यंत. बोलायचा नाही, बसायचा नाही, भाव सांगायचा नाही. मला वाटायचं, मिरवतो लेकाचा. "पहारा चालू शे का, नाना?" मी ओट्यावरून टोमणा मारायचो. एरवी एकाला दोन देणारा माणूस, त्या वेळी मान सुद्धा वळवायचा नाही.

तेवीस सालीच पालिकेनं बाजार नवा करायचं काढलं. रस्ता रुंद, गटारी बंद, तारा जमिनीखाली, आणि सगळ्या दुकानांना एकाच मापाचे, एकाच रंगाचे बोर्ड. भिंतीबाहेर काही लोंबायचं नाही. माझ्या दारावर बापाच्या काळापासून दोराचं वेटोळं टांगलेलं होतं, तेच माझं नाव आणि तोच माझा बोर्ड. ते मला उतरवावं लागलं. त्याच्या जागी चॉकलेटी पाटी आली, वर पांढऱ्या अक्षरात माझं नाव. मी ते सावकाश वाचलं. बरोबर होतं. पण माझं गिऱ्हाईक वाचणारं नाही ना.

पहिल्याच आठवड्यात पिंपळनेरकडचा एक म्हातारा बैलाला दावं घ्यायला आला आणि चॉकलेटी पाट्या मोजत मोजत शिरला पलीकडच्या रक्त तपासायच्या दुकानात. तिथल्या पोरीनं त्याला खुर्चीत बसवलं आणि दंडाला रबर बांधलं. म्हाताऱ्यानं ते ओढून पाहिलं आणि म्हणाला, "माय, हाई भलतं पातळ शे. बैल तोडी टाकी." पोरगी त्याला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा दोघं हसत होती. मी हसलो नाही. माझं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं होतं.

माप घ्यायला पालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या. पाटील मॅडम. माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलायला गोड, पण टेप हातात घेतली की देवाचंही ऐकणार नाहीत अशा. गल्लीत सगळ्यांचं काही ना काही रेषेबाहेर निघालं, माझं नाही. माझ्या बापानं दुकान बांधताना दोर पसरून मोजायला म्हणून पुढे मोठा ओटा सोडला होता. तेव्हा लोक त्याला हसले होते की दगडूचा, म्हणजे माझा, बाप भर बाजारात जागा वाया घालवतो. मॅडमनी रेष मारली, तर माझा ओटा अख्खाच्या अख्खा आत. ती रेष मी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

मॅडम नानाच्या दारी गेल्या. नानानं विचारलं, "हत्ती दखा का?"

"त्याच्यासाठीच आलेय, नाना," मॅडम म्हणाल्या.

सगळी गल्ली जमली. नानानं आपली बाजू मांडली. "नियम बोर्डना शे. बोर्ड म्हंजे अक्षर. याच्यावर एक तरी अक्षर दखाडा."

"अक्षर नाही, पण रस्त्यावर आलेलं बांधकाम आहे."

"बांधकाम कसं? त्याले चार पाय शेत. जनावर शे."

"मग मोकाट जनावरांच्या गाडीला बोलवू का?"

गल्ली हसली. मॅडमही हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "नाना, हत्तीशी माझं वैर नाही. तुमच्या हद्दीत ठेवा, आत ठेवा, मी हात लावणार नाही. रस्त्यावर मात्र नको. रस्ता सगळ्यांचा आहे."

नानाची भिंत थेट गटारीला लागलेली. हद्द म्हणून बाहेर वीतभर जागा नव्हती. दुकानात ठेवायचा तर हत्ती दारातून जाईना.

पानवाल्यानं युक्ती सुचवली. "नाना, सोपं शे. रातीतून शेंदूर फासा, हार घाला, नारळ फोडा. सकाळी देऊळ. मंग कोन हात लावस?"

नाना ताडकन उठून उभा राहिला. "पत्राना हत्ती शे. पोटसाठी खोटा देव करू? चाल, तुन्ही टपरी दख." त्या वेळी मला तो माणूस आवडला. मी बोललो नाही, कारण नवारीचा विषय अजून मिटला नव्हता.

नानाच्या मुलीचा सुरतेहून फोन आला. बाबा, दुकान आवरा, इकडे या, आई गेल्यापासून एकटे किती दिवस राहाल. नाना फोनवर ओरडला ते मी माझ्या ओट्यावरून ऐकलं. "मी सुरत येस, मंग हत्तीखाले कोन उभं ऱ्हाई?" मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं.

शेवटची मुदत भरली. सकाळी पालिकेची माणसं शिडी घेऊन येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी पाहतो तर नाना हत्तीखाली उभा. बाजारचा दिवस नव्हता, तरी पांढरी टोपी घातलेली. खरं सांगतो, मी चिडवायलाच गेलो होतो. इतक्या वर्षांची लढाई मी जिंकत होतो, थोडी चव घ्यावी म्हटलं.

"काय नाना, उद्या हत्ती चालला ना?"

नानानं माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "दगडूभो, मन्हा बाप बैल इकाले उन्हता."

नानाचा बाप बैल विकायला आलेला, म्हणजे शेतकरी? भांड्यांचं दुकान मुळात हिराचंद शेठचं आणि नाना त्यांचा पुतण्या, असं मी धरून चाललो होतो. बाप वारल्यावर मी गावाहून येऊन दुकानात बसलो, तेव्हा शेठ गेलेले होते आणि गादीवर नानाच होता. शेठच्या घरचा माणूस आमच्यासारखी शेतकऱ्याची अहिराणी कशी बोलतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

नाना सांगत होता, एकेक शब्द मोजून. तो पाच-सहा वर्षांचा असेल. बाजारचा दिवस. बापानं त्याला या हत्तीखाली आणून उभं केलं आणि म्हणाला, आठेच उभा ऱ्हाय, हालू नको, मी बैलना भाव करीसन येस. बाप गेला. दिवे लागले तरी आला नाही. गावाचं नाव पोराला सांगता येईना. शेठनी पाणी पाजलं, घरी नेलं, जेवू घातलं. पुढच्या बाजारला शेठनी त्याला अंघोळ घालून, टोपी घालून पुन्हा हत्तीखाली उभं केलं. त्याच्या पुढच्या बाजारला पुन्हा. शेठचं म्हणणं, बाप आला तर पोर ओळखू आलं पाहिजे, स्वच्छ दिसलं पाहिजे. शेठ थकले तोवर नानाला सवय लागली होती.

"कायका उना नही?" का आला नाही, मी विचारलं.

"काय मालूम. वाट चुकी गया व्हई. बाजारमा गर्दी ऱ्हास." मग नाना थोडं हसला. "तू म्हनशी, येडा शे. आते बाप थोडाच येई? मीच म्हतारा व्हई गऊ. पन त्यानी सांगं व्हतं ना, हालू नको."

 मी दुकानाला कुलूप घातलं आणि घरी निघून आलो. बायकोनं विचारलं, जेवणार का. नको म्हणालो. ती म्हणाली, "हत्ती चालना, मंग आनंद व्हवाले पाहिजे तुमले." मी तिला म्हणालो, तुला काय कळतं. कळलं मलाही नव्हतं, पण घरात कोणीतरी एकानं असं म्हणावं लागतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दुकान उघडलं. ओट्यावरचे दोराचे भारे, नवारीची बंडलं, घुंगुरमाळांच्या पेट्या, सगळं ओढून आत टाकलं. कंबर बोलत होती, तिला बोलू दिलं. ओटा झाडला. शिडीवाले आले, मॅडम आल्या, नाना दारात उभा होता, टोपी घालून. हत्ती उतरवताना त्याचा हात आपोआप वर गेला, जसा पडणाऱ्या पोराला सावरायला जातो.

"इकडे आणा," मी शिडीवाल्यांना म्हणालो. "माझ्या ओट्यावर. मॅडम, तुमची रेष दखी ना? अख्खा ओटा आत शे."

मॅडमनी टेप काढली, मोजलं आणि टेप मिटली. "आत आहे," म्हणाल्या.

"पन सोंड तिकडे," मी ओरडलो. "नानाच्या पायरीकडे. पाणी त्याच्या दारात पडू द्या. माझी नवार भिजली तेवढी पुरे."

हत्ती माझ्या ओट्यावर उभा राहिला. नाना जवळ आला नाही. आपल्या दारातूनच पाहत राहिला. "दगडूभो," म्हणाला, "जागा हालनी ना."

"दोन हात सरकला," मी म्हणालो. "तेवढ्यात दिसणार नाही इतका आंधळा होता का तुझा बाप?"

नाना सावकाश आला, ओट्याखाली, सोंडेच्या बाजूला उभा राहिला आणि टोपी नीट केली.

मी आत गेलो. दुकानातला सगळ्यात जाड दोर काढला, हत्तीचा पुढचा पाय ओट्याच्या खांबाला बांधला, गाठीवर पाय देऊन आवळला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हत्ती हलला नाही.