एक्केचाळीस नकार आणि अडीच मिलिग्रॅम

अमेरिकेतल्या ओकलंड शहरात माझ्याइतका सावध माणूस शोधून सापडणार नाही! अंडं उकडायला ठेवलं की मी घड्याळ लावतो आणि ते घड्याळ बंद पडेल म्हणून दुसरं लावतो. त्यामुळे गांजाची गोळी खाऊन बायकोकडून हात बांधून घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा त्यात गडबड होण्याचा प्रश्नच नव्हता.

दचकू नका. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने खेळायचा खेळ आहे हा. एकाने बांधायचं, दुसऱ्याने बांधून घ्यायचं. एकाने हुकूम सोडायचे, दुसऱ्याने झेलायचे. ही हौस असणाऱ्यांचं आमच्याकडे मंडळ आहे. महिन्यातून एकदा आम्ही एका पॅनकेकच्या हॉटेलात मागच्या खोलीत जमतो. बाहेरून बघणाऱ्याला पेन्शनरांची सभा वाटते. आणि ती असतेच.

माझं वय अडुसष्ट. बायको कोरीन पासष्टची. शाळेत ग्रंथपाल होती. चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी तीनशे पोरं चिडीचूप व्हायची. तिच्या हुकमात एखादी दुपार काढावी ही माझी जुनी हौस! पण ती कशीबशी तयार झाली, तीही अटीवर.

"एकच रविवार," ती म्हणाली. "नाही जमलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कधीच."

"न जमायला काय झालं?"

"तुझ्या हातांना मुंग्या आल्या आणि गोळीच्या तारेत तुला कळलंच नाही, तर? बांधणारी मी असणार, एल्डन. ते मला झेपणार नाही."

तिची भीती खोटी नव्हती. गोळीने दुखणं बोथट होतं. दोरी रुतली तरी माणूस आपला मजेत हसत राहतो. म्हणून मी कंबर कसून तयारीला लागलो. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे डॉक्टरांना विचारलं. ("कशासाठी घेताय?" "बांधून घ्यायला." "बरं. दारू नको बरोबर," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.) परवान्याच्या दुकानातून पाच मिलिग्रॅमची गोळी आणली आणि तिचे सुरीने दोन तुकडे केले. अर्धा माझा, उरलेला डब्यात. बांधणाऱ्याने शुद्धीत राहायचं, म्हणून कोरीनला फक्त चहा. दोरी मऊ, गाठीखाली दोन बोटं जातील इतकी सैल, मानेच्या आसपास काही नाही, बोथट टोकाची कात्री हाताशी. 'हिरवा' म्हटलं की सगळं ठीक, 'लाल' म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबणार. आता सांगा, काही राहिलं का?

शिवाय स्वयंपाकघरात शुद्धीतलं तिसरं माणूस असावं म्हणून व्हर्नेटाला बोलावलं. ती मंडळातली आमची जुनी मैत्रीण. तीस वर्षं बंदरावरच्या कामगारांच्या बाजूने मालकांशी करार केलेली बाई. तिच्यासमोर बसलेले मालक म्हणे पाणी पिण्याआधीसुद्धा वकिलाला विचारायचे.

रविवारी दोनला व्हर्नेटा आली. एका हातात पीचचा गरमागरम कॉबलर (फळांवर साखर-पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ), दुसऱ्या हातात वाचायचा चष्मा.

"गोळी कधी घेतलीस?"

"पावणेदोनला!" मी अभिमानाने सांगितलं. "चढायला तास-दीड तास लागतो. सगळं गणित केलंय."

"छान. करार बघू."

मी तिला कागद दिला. मधे उभी रेघ. एका बाजूला 'नाही', दुसऱ्या बाजूला 'हो'. व्हर्नेटाने कागद वाचला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"नकार एक्केचाळीस आहेत," ती म्हणाली. "होकार कुठे आहेत?"

मी कोरीनकडे बघितलं. कोरीनने माझ्याकडे बघितलं.

"ते तू लिहिणार होतास ना?"

"मी? अगं, तुझ्यावर दडपण नको म्हणून मी ती बाजू तुझ्यासाठी सोडली!"

"आणि तुझी हौस म्हणून मी तुझ्यासाठी!"

छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना एवढा मान कधी दिला नव्हता! नकार मात्र दोघांनी आठवडाभर हौसेने लिहिले होते.

"मग आत्ता लिहू," मी पेन उचललं. "दोन मिनिटांचं काम."

"पेन खाली," व्हर्नेटा म्हणाली. "मंडळाचा नियम काय आहे?"

नियम मला तोंडपाठ होता, कारण तो मीच सुचवला होता. गोळी पोटात गेली की नवा होकार बंद. नकार मात्र कधीही आणि कितीही.

"पण अजून चढलीच नाही! मी पूर्ण शुद्धीत आहे!"

"बंदरावर क्रेनवाला दारू पिऊन आला तरी हेच म्हणायचा."

"कोरीन, अगं सांग ना हिला! तू एकच रविवार दिलायस!"

"दिलाय," कोरीन म्हणाली. "आणि तो चाललाय."

इतकी वर्षं वाट बघितली आणि घास तोंडाशी आला असताना कागदाची अर्धी बाजू कोरी!

मी वाद घातला. तीन वाजेपर्यंत घातला. कायदा सांगितला, माणुसकी सांगितली. मधेच गोळीचा काहीच परिणाम नाही असं वाटून उरलेला अर्धा तुकडा मागितला.

"डबा माझ्या पर्समध्ये आहे," व्हर्नेटा म्हणाली. "चढत नाही म्हणून दुसरी घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. तू गप बस."

सव्वातीनला मी गप बसलो, कारण कॉबलरवरची साखर फार चमकत होती. इतकी सभ्य साखर मी आजवर पाहिली नव्हती.

"मी सगळ्याला हो म्हणतो!" मी एकदम जाहीर केलं. "सगळ्याला!"

"सगळ्याला म्हणजे कशाला?" कोरीनने विचारलं.

"जे असेल त्याला!"

"बघ," व्हर्नेटा तिला म्हणाली. "म्हणूनच चालत नाही."

मग व्हर्नेटाने, वेळ जावा म्हणून, नकार मोठ्याने वाचायला घेतले. सातवा: भांडी घासायला लावायचं नाही. हा माझा. बारावा: हाताने भरवायचं नाही, मिशीत सांडतं. हाही माझा. एकोणिसावा: गुडघ्यावर बसवायचं नाही, पुन्हा उठवणार कोण? हा कोरीनचा. अडतिसावा: मांजर खोलीत नको. मांजर टेबलाखालून सगळं ऐकत होतं. मला हसू आवरेना. हसता हसता मी कॉबलरकडे हात नेला.

"नाही," कोरीन म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण तो ग्रंथालयातला आवाज होता! माझा हात जागच्या जागी थांबला. मांजरही थांबलं.

कोरीनने माझ्या हाताकडे बघितलं. मग सावकाश खुर्चीत ताठ बसली आणि चष्मा जरा खाली घेतला.

"हात गुडघ्यांवर ठेव."

"हरकत आहे," व्हर्नेटा म्हणाली. "तो हुकूम झाला. हुकमाला होकार नाही."

कोरीनने विचार केला. "टेबलावर हात नको."

व्हर्नेटाने कागद बघितला, नियम आठवला. "हे चालेल. नकार कधीही देता येतो."

"वाकडं बसणं नको."

मी ताठ बसलो.

"मांजराकडे बघून हसणं नको."

हे कठीण होतं! पण मी समोर भिंतीकडे बघितलं आणि माझ्या अंगावर असा काही काटा आला की काय सांगू! दोरी पिशवीत, कात्री टेबलावर आणि मी आपला जागच्या जागी बांधलेला!

"एल्डन," कोरीनने मधेच नेहमीच्या आवाजात विचारलं, "बरा आहेस ना? नको असेल तर उठून जा. दार उघडं आहे."

"हिरवा," मी म्हणालो. "एकदम हिरवा!"

"बोलणं नको," कोरीन म्हणाली.

"'लाल' सोडून," व्हर्नेटाने दुरुस्ती सुचवली. ती मंजूर झाली.

दर दहा मिनिटांनी कोरीन माझी बोटं हलवून बघायची. अगं, बांधलेलं कुठाय, असं मला म्हणायचं होतं, पण बोलणं नको होतं. पाच वाजेपर्यंत तिने मला पाय हलवणं, उसासे टाकणं आणि खिडकीबाहेरच्या शेजाऱ्याला भुवयांनी नमस्कार करणं एवढ्याला मनाई केली. दोघींनी मिळून कॉबलर संपवला. जाताना व्हर्नेटा म्हणाली, "तीस वर्षांत इतकी शिस्तीची बैठक पाहिली नाही."

रात्री गोळी पूर्ण उतरली आणि माझं अवसान गळालं. एकच रविवार मिळाला होता आणि मी तो कोऱ्या रकान्यापायी घालवला. पण मी विषय काढला नाही. अटच तशी होती.

सोमवारी सकाळी कॉफीच्या कपाशेजारी कागद होता. कोरीनने मला आधी दोन घोट पिऊ दिले.

"शुद्धीत आहेस?"

"पूर्ण."

"आजची तारीख? तेरा साते?"

मी दोन्ही सांगितली.

मग तिने कागद सरकवला. 'हो'च्या बाजूला तिच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती: दर रविवारी, दोन ते पाच, कालच्यासारखं.

"दर रविवारी?" माझा आवाज चिरकला.

"मला दोरीची भीती होती, एल्डन. तुझी नव्हती. काल लक्षात आलं, दोरी लागतच नाही." ती जराशी लाजली, पासष्टाव्या वर्षी! "आणि गोळीही नको. शुद्धीत ऐकलंस तर खरी मजा."

शुद्धीत ऐकणं अवघड असतं हो! पण मी झोकात सही केली आणि पेन टेबलावर ठेवायला गेलो.

"तिथे नको," कोरीन म्हणाली आणि कप विसळायला निघून गेली.

कुठे ठेवायचं, ते तिने अजून सांगितलेलं नाही. म्हटलं, पेन हातात आहेच, तर ही हकीकत तरी लिहून काढावी!